अण्णांचं नाक आणि जमैकाची रम

कोविडमधून माझे वडील, अण्णा, वाचले, पण त्यांना वास येईनासा झाला. दोन वर्षं उलटली तरी नाक ठार बंद. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन छावणीत घर केल्यापासून संध्याकाळी कॅन्टीनच्या रमचा एक पेग गरम पाण्यातून घ्यायचा, हा त्यांचा नेम होता. आजारपणानंतर तोही सुटला. "नुसतं कडू पानी लागतंय," म्हणायचे. जेवणाचीही तीच गत. आई विचारायची, "कसं झालंय वरण?" हे म्हणायचे, "गरम हाय." मग ती दिवसभर त्यांच्याशी बोलायची नाही.

माझा धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला. मागच्या सुट्टीत त्यानं एक बाटली आणली आणि रविवारी जेवणाआधी ओसरीवर उघडली.

"अण्णा, ही जमैकाची रम. शेरीच्या पिंपात मुरवलेली."

"शेरी काय असतंय?"

"स्पेनमधली द्राक्षाची दारू. ती काढून घेतली की त्या लाकडी पिंपात ही भरून ठेवतात. वर्षानुवर्षं."

"म्हंजे दुसऱ्याच्या घरात भाड्यानं राहिलेली," अण्णा म्हणाले.

भावानं तीन ग्लासांत थोडी थोडी ओतली. मी पंचेचाळिशीची, कॉलेजात शिकवणारी बाई. पण अण्णांसमोर ग्लास हातात घ्यायची ही पहिलीच वेळ. आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

रंग गुळाच्या पाकासारखा. पहिल्या घोटाला जीभ चरचरली, मग मनुका आल्या, संत्र्याची वाळलेली साल आली, आणि ओल्या लाकडासारखं काहीतरी घशात रेंगाळत राहिलं. मला आवडली. तसं म्हणायला मी तोंड उघडलं, तर अण्णा ग्लासात नाक घालून बसलेले. पीत नव्हते.

"केळं कुठं सडतंय घरात?" त्यांनी विचारलं.

"घरात एक बी केळं नाय," आई म्हणाली आणि तिच्या हातातली जुडी तशीच राहिली.

भाऊ हळूच म्हणाला, "अण्णा, या रमला तसाच वास असतो. पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचा."

अण्णांनी पुन्हा हुंगलं. "व्हय. केळंच हाय." त्यांचे डोळे भरून आले. "लई तेज हाय ही," असं म्हणून त्यांनी ते पुसले.

आई उठून आत गेली आणि मसाल्याचे डबेच घेऊन आली. हिंग नाकाशी धरला. "नाय." वेलदोडा. "नाय." काळ्या मसाल्याला ते बराच वेळ थांबले. "हाय थोडा. लांबून आल्यागत." मग तिनं साबणापासून अगरबत्तीपर्यंत घरातलं सगळं त्यांच्यापुढे आणून ठेवलं. जेवायला चार वाजले.

पुढचे काही महिने अण्णा मला कॉलेजात फोन करून बातमी द्यायचे. "आज पेट्रोल आलं." "आज फिनाईल आलं." चांगले वास उशिरा आले, पण आले. परवा फोन आईचा होता.

"आज माझी भाजी करपली," ती म्हणाली. "मी मोरीत होते. यांनी फाटकातून वरडून सांगितलं!"

करपलेल्या भाजीचं इतकं कौतुक मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.