दोन वर्षं पाजल्याचं खोटं

मी रोज खोटं बोलत होते आणि रोज देवीपुढे हात जोडत होते. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात, हे मला कितीतरी दिवस कळलंच नाही.

नर्सिंगची पदवी घेणारी आमच्या तांड्यातली मी पहिली. पुढे स्तनपान सल्लागार व्हायचं ठरवलं आणि यवतमाळच्या एका रुग्णालयात अनुभवाचे तास भरू लागले. परीक्षेआधी जाणत्या सल्लागाराच्या नजरेखाली बाळंतिणींसोबत ठरावीक तास काढावे लागतात. काय पाहिलं, काय सांगितलं ते वहीत लिहायचं आणि त्या सल्लागार मॅडमची सही घ्यायची. पुस्तकातलं सगळं मला पाठ होतं. पण बाळंतिणी हमखास एक प्रश्न विचारायच्या, "मॅडम, तुम्ही तुमच्या लेकराले किती दिवस पाजलं?" माझी मुलगी डब्याच्या दुधावर वाढली. मला जमलं नव्हतं, आणि खरं तर त्या सलापायीच मी या अभ्यासाकडे वळले होते. पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, "दोन वर्षं." नंतर ते आपोआपच येऊ लागलं.

नेरकडच्या एका खेड्यातली रेखा तेव्हा आमच्या वॉर्डात होती. पहिलटकरीण, लेक पाच दिवसांची. तिनेही तोच प्रश्न विचारला होता आणि मी तेच उत्तर दिलं होतं. बाळाचं वजन रोज सकाळी उतरत होतं. मी विचारलं की रेखा हसून सांगायची, "पिते ना मॅडम. दिवसातून आठ-दहा डाव पिते. शू बी करते." मी तसंच वहीत लिहायचे. सोमवारी मॅडमनी वही वाचली, वजनाच्या काट्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काट्याला कुणाची लाज वाटत नाही. म्हणजे खोटं माणूसच बोलतंय." मला वाटलं, माझ्यावरच बोट ठेवलं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की अजून वजन उतरलं तर बाळाला आईजवळून उचलून अतिदक्षता विभागात न्यावं लागेल.

मंगळवारी माझा देवीचा उपवास असतो. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात आणि देवीलाही याडीच. घाटंजीहून यवतमाळच्या एसटीत बसले आणि डोळे मिटून एकच मागत राहिले : याडी, रेखाला दूध येऊ दे.

शेजारी एक म्हातारी बाई बसली होती. मांडीवर पणतू, आणि ती त्याला चोचीच्या वाटीने, बोंडल्याने, दूध पाजत होती. मी काय करते ते तिने विचारलं. सांगितलं तर खो खो हसली. "अवो बाप्पा! हे बी शिकवा लागते?" मग बाळाची हनुवटी पुसत सहज म्हणाली, "मले तीन लेकरं झाले. एकालेही माहं दूध पुरलं नाई. बोंडल्यानंच वाढवले तिन्ही. तुह्यं आलतं का, माय?"

'दोन वर्षं' जिभेवर आलं आणि तिथेच थांबलं. मी म्हणाले, "नाही आलं." नवरा आणि आई सोडून कुणाजवळही मी हे कधी बोलले नव्हते.

"मंग? आहे ना पोरगी?"

"आहे. तिसरीत आहे."

"मंग असं सुतकी तोंड काहून केलं? जगली ना ते!" तिने पदराने बोंडलं पुसलं आणि पुढच्या फाट्यावर पणतवाला घेऊन उतरली. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

वॉर्डात पोचल्यावर मी वही उघडली नाही. रेखाच्या खाटेवर बसले आणि सांगितलं, "मी तुला खोटं सांगितलं होतं. मी माझ्या मुलीला पाजू शकले नाही. सांगायची लाज वाटली."

तिचे डोळे भरून आले. "मलेही लाजच वाटते मॅडम. तोंडी धरलं का जीव जाते माहा. रगत येते. मंग कोनी पाहून नाई राह्यलं का गुळाचं पाणी देतो तिले, अन् तुमाले सांगतो का पिते म्हणून."

मी मॅडमना बोलावून तिच्यासमोरच दोघींचंही खोटं सांगितलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "हेही वहीत लिहा." मग कामाला लागलो. रेखाला दूध होतंच. बाळ नीट तोंड उघडून धरत नव्हतं, म्हणून चिरा पडल्या होत्या. दुखत होतं तोवर हाताने दूध काढून चमच्याने पाजलं, बाळाला छातीशी कसं घ्यायचं ते पुन्हापुन्हा दाखवलं. दुसऱ्या दिवशी वजन उतरायचं थांबलं. तिसऱ्या दिवशी काटा वर सरकला. माझे ते खोट्या नोंदींचे तास मॅडमनी मोजले नाहीत. मी ते पुन्हा भरले, आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

ती म्हातारी कोण होती, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. एसटीत माणसं भेटतातच. पण मी देवीला उपवास दिला होता, नारळ दिला होता. माझं उणं तेवढं तिच्यापासून झाकून ठेवलं होतं. त्या दिवशी तेच मागायला कुणीतरी शेजारी येऊन बसलं, असं मला मनापासून वाटतं. आपण रिकामे आहोत हे कबूल करणं म्हणजेच शरण जाणं, हे मी तिथे शिकले. त्यासाठी मी त्या याडीची जन्मभर ऋणी आहे.

घरी जायच्या दिवशी रेखा लेकीला पाजत बसली होती. सवयीने मी बाळाचं डोकं सावरायला हात पुढे केला.

"राहू द्या मॅडम," ती हसून म्हणाली, "तिचं तिले समजते आता."

मी हात मागे घेतला, आणि नुसती पाहत राहिले.