वर किती मजले हायत

वडील गेल्यापासून माय किल्लारीत एकटीच राहते. तिचा जुना फोन आठवड्यातून दोनदा मुका व्हायचा आणि इकडं नांदेडात माझा जीव टांगणीला लागायचा. मध्ये एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून घेऊन दिलेला फोन महिन्यात फुगला होता, तेव्हापासून नव्या फोनचं नाव काढलं की ती मान हलवायची. म्हणून तिला नांदेडला आणून फोनच्या कंपनीच्या स्वतःच्या दुकानात नेलं. इथं नकली माल नाही, बिघडला तर हेच लोक दुरुस्त करतात, असं ऑटोत मी तिला तीनदा ऐकवलं.

दुकान समोरून सगळं काचेचं. माय दारातच थांबली. फोनकडं तिनं पाहिलंच नाही, आधी छताकडं पाहिलं.

"वर किती मजले हायत गं?" तिनं दुकानातल्या पोरीला विचारलं.

"तीन आहेत, आजी."

मी हसलो. भूकंपाला किती वर्षं झाली, आता काय त्याचं, असंही म्हणालो. त्या पहाटे मी सहा वर्षांचा होतो. वडिलांनी मला काखेत मारून बाहेर काढलं. माय दुपारी निघाली, ढिगाऱ्याखालून. तिचा एक पाय कायमचा अधू झाला. हे माहीत असून मी हसलो. दीडशहाणा, दुसरं काय.

पोरगी मात्र हसली नाही. "मी तुमच्यापाशीच उभी राहते," असं म्हणून तिनं मायला आतल्या टेबलापाशी नेऊन बसवलं. हळूहळू मायचा अंगठा फोनच्या काचेवर फिरायला लागला.

तेवढ्यात टेबलावरचे सगळे फोन एकदम किंचाळले. लोकांच्या खिशातलेही. टेबल थरथरलं, मला तर फरशीच हलल्यासारखी वाटली. पुढचं आठवतं ते एवढंच, की मी रस्त्याच्या पलीकडं एका चपलेवर उभा होतो आणि ऑटोवाला मला शिव्या घालत होता.

सरकारच्या धोक्याच्या इशाऱ्याची चाचणी होती ती. हे नंतर कळलं.

काचेतून सगळं दिसत होतं. पोरगी भीतीनं पांढरीफटक पडली होती, पण तिनं मायच्या काखेत हात घातला होता, आणि मायच्या लंगड्या चालीनं, एकेक पाऊल टाकत दोघी दाराकडं येत होत्या. तिकडं धावावं असं फार वाटलं, पण पाय उचलेनात. त्या दिवसापासून मला भूकंपापेक्षा माझीच जास्त भीती वाटते.

गोंधळ निवळल्यावर माय आपणहून परत आत गेली. म्हणाली, हाच फोन घ्यायचा. पोरीनं विचारलं, "आजी, पहिला नंबर कुणाचा टाकू?"

मी पुढं झालो.

"तुझाच टाक, लेकी. ह्याचा दुसरा." मग माझ्या तोंडाकडं बघून माय म्हणाली, "रुसू नको बाबा. एक जण बाहेर लागतोच, उकरायला."