कोनी नाई, साहेब!

किस्से साठतात कसे, ते मला विचारा! दिवसभर वृद्धाश्रमात ऐकायचे आणि संध्याकाळी अमरावतीला घरी आलो की सांगायला कोणी नाही. बायको गेल्यापासून मी टीव्हीशीच बोलतो. आज तुम्ही सापडलात, आता बसा!

आश्रम मोर्शी रोडवर आहे, एका भजनी मंडळाने काढलेला. मी तिथला मॅनेजर. सरकारची ग्रँट मिळते, पण फक्त निराधारांसाठी. ज्याला कोणी नाही, त्यालाच जागा!

*

एकदा इन्स्पेक्शनला आलेले साहेब म्हणाले, "ग्रँट सेवेसाठी आहे, भजनासाठी नाही."

आमच्या आश्रमातल्या नामदेवबुवांनी खंजिरी खाली ठेवली. "साहेब, भजनालेच तं गावातले चार लोक येतेत. नाईतं आमच्याकडे कोन येते?"

साहेब चहा पिऊन गेले.

*

मग हजेरीचं मशीन आलं. बुवांनी जन्मभर संत्र्याच्या बागेत मजुरी केलेली, अंगठ्यावरच्या रेघा पार पुसलेल्या. मशीन रोज दाखवायचं, "व्यक्ती आढळली नाही!"

"घरचेबी हेच म्हनत होते," बुवा म्हणाले.

आम्ही खो खो हसलो. बुवा हसले नाहीत.

*

वर्षभर इकडे कोणी फिरकत नाही, पितृपक्षात मात्र गेटवर गाड्यांची रांग! रोज खीर, रोज वडे, रोज फोटो.

"मेलेल्याईच्या नावानं जेवून राहिलो आपन," बुवा म्हणाले आणि आणखी एक वडा घेतला.

*

कौसाआजीला अकोल्याला नोकरी करणारा मुलगा आहे. सुनेने घरात ठेवून घेतलं नाही, म्हणून तोच तिला आमच्या गेटवर सोडून गेला. आम्ही तिला निराधारांत बसवलं. मुलगा असल्याचं कळलं असतं तर जागा गेली असती, आणि तिला दुसरं घर नव्हतं. साहेबांनी विचारलं की काय म्हणायचं, ते मीच तिला शिकवलं होतं, "कोनी नाई, साहेब!"

त्यानंतर तो कधी आला नाही. आला तो नेमका इन्स्पेक्शनच्या दिवशी, भर दुपारी! साहेब आजीसमोरच बसलेले. हा दारात उभा, घामाघूम.

"आजी, हे कोण?" साहेबांनी विचारलं.

आजी त्याच्याकडे बघत राहिली. डोळे भरले, ते तिने पदराने पुसले.

"मी नाई वळखत, साहेब," ती म्हणाली. "पन लेकरू उपाशी दिसते. त्याले जेवाले वाढा."