मागच्या बाकाची मागणी

आमच्या चर्चमध्ये किस्से फार साचतात. कारण काही आध्यात्मिक वगैरे नाही. चर्च सरकारी हॉस्पिटलच्या समोर आहे आणि आमचे पंखे चांगले आहेत! त्यामुळे रविवारी मागचा बाक पेशंटच्या नातेवाइकांनी भरून जातो. त्यात ख्रिस्ती क्वचितच कोणी. पाळकसाहेबांचा नियम असा, की जो आत आला त्याला विचारायचं, "कोणासाठी प्रार्थना करायची?" आणि तो सांगेल ते सगळ्यांसमोर मोठ्याने मागायचं. हे काम माझ्या गळ्यात पडलं. आठवडाभर मी मेडिकलच्या काउंटरवर उभी असते, आणि रविवारी इथे पुन्हा उभी! कंटाळले आहे, आधीच सांगून टाकते.

*

चांदवडचे एक बाबा होते. भाऊ ॲडमिट. मी वाकून विचारलं, "बाबा, कोणासाठी मागू?"

"कांद्यासाठी मागा. भावाला डॉक्टर हाय. कांद्याला कोनी नाय!"

मी जसंच्या तसं मागितलं. सगळ्यात मोठा 'आमेन' आला तो गायकवाडकाकांचा. काका चर्चचे जुने सेक्रेटरी, एरवी या पाहुण्यांवर कायम वैतागलेले. पण त्यांची सासुरवाडी चांदवडची!

*

कळवणच्या आजींची सून वॉर्डात होती. आजी म्हणाल्या, "सुनंचं नंतर पाहू. तिच्या बाजूच्या खाटेवरची बाई रातभर घोरती. तिला आधी सुट्टी होऊ द्या!"

मी डोळे मिटून म्हटलं, "प्रभू, बाजूच्या खाटेवरच्या भगिनीला लवकर बरं कर." आजी खूश.

पुढच्या रविवारी त्या पुन्हा हजर, तोंड पाडून.

"काय झालं आजी?"

"गेली ना ती घरी. आता करमत नाय."

*

एकदा एक माणूस बाकावर गाढ झोपला होता. नियम म्हणजे नियम, मी त्याला हलवून उठवलं. तो हात जोडून म्हणाला, "ताई, झोपू द्या. बाकी काय नको."

मग मी तेच मागितलं, "मागच्या बाकावरच्या भावाला झोप मिळो." पुढचं गीत खरं तर जोरात म्हणायचं, टाळ्या वाजवून. त्या दिवशी सगळं चर्च ते पुटपुटल्यासारखं गायलं. ढोलकीवाला नुसता बसून राहिला. मला तेव्हा भरून आलं, खोटं कशाला बोलू.

*

गायकवाडकाकांची जागा ठरलेली, पंख्याखालची. एका रविवारी तिथे एक टेम्पोवाला येऊन बसला. काका शेजारी अंग चोरून बसले. तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, "आता शेजाऱ्याचा हात हातात घेऊन 'शांती असो' म्हणा." टेम्पोवाला टायर बदलून थेट आत आलेला! त्याने काकांचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि मग माणूस प्रेमळ निघाला, मिठीच मारली. काकांचा पांढरा शर्ट गेला कामातून.

उपासना संपल्यावर काका म्हणाले, "पाळकसाहेब, प्रेम करा म्हणता, ठीक आहे. निदान आधी हात तरी धुवायला सांगा!"

*

मग मीही एकदा पाळकसाहेबांना गाठलं. "हे काम दुसऱ्या कोणाला द्या. मला आता त्यांच्याबद्दल काही वाटत नाही. मी नुसती नावं घेते. पाय दुखत असतात आणि डोक्यात घरचा स्वयंपाक."

ते म्हणाले, "वाटेपर्यंत थांबलो असतो, तर मी तरी कुठे पाळक झालो असतो? तुम्ही नावं घ्या."

घ्या म्हणे! ठरवलं, हा महिना शेवटचा.

*

त्याच महिन्यातली गोष्ट, पण तिची सुरुवात जुनी. फार पूर्वी देवळा गावचा एक माणूस मागच्या बाकावर बसून गेला होता. बायको आयसीयूत, नाव सुमन. मी नाव घेतलं. पुढच्या रविवारी तो आला नाही, तरी कोणीतरी घेतलं. मग सवयच पडली. मला वाटायचं, पाळकसाहेबांना तिची खबर असेल. त्यांना वाटायचं, मला असेल. कोणालाच काही ठाऊक नव्हतं, आणि दर रविवारी अख्खं चर्च म्हणत होतं, "देवळ्याच्या सुमनबाईंसाठी."

त्या महिन्यातल्या एका रविवारीही म्हटलं. डोळे उघडले, तर तो माणूस मागच्या बाकावर बसलेला. मी लगबगीने जवळ गेले. "कशा आहेत आता सुमनबाई?"

"ती तर तवाच गेली, ताई. त्याच आठवड्यात."

मी त्याच्याशेजारी बसले. "माफ करा दादा. आम्हाला माहीत नव्हतं. आता नाही घेणार नाव."

"घरात तिचं नाव काढलं का पोरं उठून जात्यात," तो म्हणाला. "गावात बी कोनी काढत नाय. आज दवाखान्यात तिचे कागद न्यायला आलो, तं हापिस बंद. परत चाललो, तं तुमच्या खिडकीतून तिचं नाव ऐकू आलं."

तेवढ्यात पाळकसाहेबांनी समोरून विचारलं, "मागच्या बाकावर काही मागणी?"

मला उठवेना. माझ्या जागी तोच उभा राहिला. टोपी काढली, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या ताईंसाठी मागा. लय दमल्यात."