नव्या सेटमधली किरकिर

दुकानात शिरलेला माणूस आधी किंमत विचारतो, नाहीतर जरा वाजवून दाखवा म्हणतो. टकटकरावांनी यातलं काहीच केलं नाही. मांडणीतल्या पहिल्या स्पीकरच्या डोक्यावर त्यांनी मधल्या बोटाच्या पेराने टकटक केलं, मान कलती करून ऐकलं आणि दुसऱ्याकडे सरकले. त्याच्याही डोक्यावर तेच. अशी अख्खी रांग ठोकून झाल्यावर ते परत पहिल्यापाशी येऊन उभे राहिले. काउंटरमागचा दुकानदार एवढा वेळ हाताची घडी घालून बघत होता.

"काका, कलिंगडं नाहीत ती," तो म्हणाला.

"पोकळ वाजतंय."

"स्पीकर आतून पोकळच असतो."

हे काही टकटकरावांना पटलं नाही, त्यांनी आणखी एकदा ठोकून पाहिलं. शेजारी बायको लाकडाचा रंग घरातल्या शोकेसशी जुळेल का ते बघत होती. मुलगी दाराजवळ फोनमध्ये डोकं घालून उभी होती, आणि बापाने ठोकायला सुरुवात केल्यापासून ती आणखी थोडी दाराकडे सरकली होती.

टकटकराव हे त्यांचं कारखान्यातलं नाव. चिनीमातीच्या भांड्यांचा तो कारखाना. भट्टीतून निघालेली भांडी पट्ट्यावरून सरकत येतात आणि पट्ट्याच्या टोकाला हे उभे, हातात लाकडाची बारकी काठी. प्रत्येक कपाला, प्रत्येक बशीला एक टिचकी. खणखणीत वाजलं तर पुढे, बद्द वाजलं तर बाजूच्या क्रेटमध्ये, मग डोळ्यांना चीर दिसो न दिसो. अर्धं आयुष्य हेच केल्यावर हात काय कारखान्याच्या फाटकाशी थांबतो? ते दारं ठोकत, बादल्या ठोकत, नवीन हेल्मेट दुकानातच डोक्यावर चढवून ठोकून बघत. लग्न ठरायच्या आधी पहिल्यांदा बायकोच्या घरी गेले, तेव्हा हातातल्या कपाला टिचकी मारून "याला चीर आहे" असं होणाऱ्या सासऱ्यांच्या तोंडावर सांगून बसले. सासऱ्यांनी होकार दिला तो त्यामुळे की तरीसुद्धा, यावर घरात अजून एकमत नाही.

असा माणूस खरेदीला निघाला की घरच्यांच्या नाकीनऊ येतात. पंख्याला घरघर होती, सोफा एका बाजूने करकरत होता, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक लंगडी होती. सगळं आलं तसं परत गेलं आणि बदलून दुसरं आलं. म्युझिक सिस्टिमचं घोडं तर मुलीच्या शाळेपासून अडलेलं. शाळेची शेवटची परीक्षा झाली की आणू, असं तिला कबूल केलं होतं. परीक्षा झाली, कॉलेज झालं, शिक्षण संपलं, आता येत्या रविवारी ती नोकरीसाठी दूरच्या शहरात चालली होती, आणि टकटकरावांच्या चौकशा अजून सुरूच होत्या.

या वेळी मात्र त्यांच्या जिवाला खरोखर घोर लागला होता. ती जाण्याआधी एक संध्याकाळ तिघांनी हॉलमध्ये बसून गाणी ऐकावीत, असं त्यांना फार वाटत होतं. का वाटत होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगी लहान असताना कारखान्यात कामगारांच्या मुलांसाठी एक दिवस ठेवला होता. प्रत्येकाने मातीचा एक कप करायचा, तो भट्टीत भाजून मिळणार. भाजलेले कप पट्ट्यावरून आले, मुलं रांगेत उभी राहिली, आणि टोकाला नेहमीप्रमाणे टकटकराव. मुलीचा कप बुडाला वाकडा होता. त्यांनी टिचकी मारली, तो बद्द वाजला, आणि "नापास" म्हणून त्यांनी तो सरळ क्रेटमध्ये टाकला. सगळे हसले. मुलगीही हसली. पण त्या दिवसापासून तिने स्वतःच्या हातचं काही म्हणून बापाला दाखवलं नाही. चित्रं आईला, निकाल आईला. पुढे ती दातांच्या डॉक्टरांसाठी चिनीमातीचे दात घडवायला शिकली, त्याच कामाची नोकरी लागली, पण तिने केलेला एकही दात बापाच्या नजरेला पडलेला नव्हता. अशा एखाद्या निवांत संध्याकाळी, जाण्याआधी, तिने आपण होऊन एकदा काहीतरी दाखवावं, यासाठी त्यांचा जीव तुटत होता. मागायची सोय नव्हती. मागितलं असतं तर ती म्हणाली असती, कशाला, चीर शोधायला?

खिशाला झेपेल असा आकडा बायकोने घरूनच ठरवून आणला होता, आणि त्यावर एक रुपया चढणार नाही असं बजावलंही होतं. शिवाय काळा डबा नको, लुकलुकणारे दिवे नकोत, आणि हॉलमध्ये ठेवल्यावर पाहुण्यांना ते वॉशिंग मशीन वाटता कामा नये. दुकानदाराने नेमकं तेच पुढे केलं. कमरेएवढं उंच धूड, पोटात निळे-लाल दिवे. त्याने लावलेल्या गाण्यावर काउंटरवरची पेनं उड्या मारायला लागली.

"काय दणका आहे बघा," तो म्हणाला.

"दणका कळला," बायको म्हणाली. "गाणं कुठंय?"

शेवटी मुलगीच दारातून आत आली. "तुमचं नको, माझ्या फोनवरचं लावा. ओळखीचं असलं की फरक कळतो." तिने लावलेलं गाणं घरात सगळ्यांना पाठ होतं. एका बाईचा संथ आवाज, मागे मोजकीच वाद्यं, आणि दुसऱ्या कडव्याआधी खर्जात उतरत जाणारे जाड तारेचे सूर. धुडावर ते सूर नुसतेच घुमले. मग तिने कोपऱ्यातली एक जोडी लावायला सांगितली. पुस्तकांच्या कपाटात मावतील एवढे दोन स्पीकर, अक्रोडी रंग, तोंडाला राखाडी कापड, सोबत एक छोटा ॲम्प्लिफायर. गाणं सुरू झालं आणि गाणारी बाई दोन स्पीकरांच्या मधोमध येऊन उभी राहिल्यासारखी वाटली. खर्जातला सूर न् सूर सुटा ऐकू येत होता. बायकोने रंगावरून दोनदा हात फिरवला, म्हणजे पसंत. किंमतही आकड्यात बसत होती. टकटकरावांनी जोडीला मागूनसुद्धा ठोकून पाहिलं. नाव ठेवायला जागा सापडेना, तेव्हा म्हणाले, "बिघाड निघाला तर परत घ्याल ना?"

घरी मुलीने शोकेसच्या दोन बाजूंना दोन स्टुलं मांडली, स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे ओढले, वायरी जोडल्या आणि तेच गाणं लावलं. टकटकराव खुर्चीत टेकले. त्यांना वाटलं, झालं एकदाचं. दुसरं कडवं जवळ आलं, सूर खाली उतरले आणि कुठूनतरी किर्रर्र झालं.

"ऐकलंत?" ते ताडकन उठले.

"काय ते?" बायकोने विचारलं.

"किरकिर. डाव्या स्पीकरमध्ये आहे."

"झालं सुरू," मुलगी म्हणाली आणि सामान भरायला आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सेट स्कूटरवरून परत दुकानात. तिथे वाजवला तर अगदी स्वच्छ. दुकानदाराने वाद न घालता दुसऱ्या कंपनीची जोडी दिली. ती घरी आणली, गाणं लावलं, तोच सूर आणि तीच किरकिर. मग मात्र टकटकरावांना घरात बसवेना. ते कापडाला कान लावून उभे राहत, वायरी काढून पुन्हा लावत, स्पीकर स्वयंपाकघरात नेऊन वाजवत, तिथे काही ऐकू आलं नाही की आणखीच बेचैन होत. कारखान्यात हातात काठी असतानाही डोक्यात तेच. मुलीची बॅग भरत चालली होती, आणि ज्या एका संध्याकाळसाठी हा सगळा खटाटोप, ती राहिली बाजूला आणि उरलेली प्रत्येक संध्याकाळ ते स्टूल सरकवण्यात घालवत होते. हे त्यांना कळत होतं. कळत असूनही थांबता येत नव्हतं, आणि त्याचीच त्यांना जास्त चीड येत होती.

शनिवारी दुपारी ते पुन्हा दुकानात हजर. आता दुकानदाराने हात टेकले.

"काका, दोन वेगळ्या कंपन्या, आणि दोन्हींचा बिघाड एकाच सुरावर? पहिली जोडी चांगली होती, ती घेऊन जा. आणि आता सेट नका तपासू, घर तपासा."

संध्याकाळी मुलगी बॅगेची चेन ओढत बाहेर आली, तेव्हा वडील परत गाणं लावून खोलीभर फिरत होते. तिने किरकिर होईपर्यंत ऐकलं. मग शोकेसपाशी जाऊन तिने काचेला तळहात लावला.

"बाबा, सेट नाही वाजत. शोकेस वाजतेय."

शोकेस म्हणजे टकटकरावांचं वैभव. रंगात किंवा चकाकीत बारीकसा डाग राहिलेली भांडी कारखाना कामगारांना देत असे, ती तिथे काचेच्या फळ्यांवर दाटीने उभी होती. मुलीने गाण्याचा तेवढाच भाग फिरून फिरून वाजत राहील असं केलं आणि तिघं भांडी काढायला लागली. खालची फळी रिकामी झाली. किरकिर होतीच. मधली रिकामी झाली. होतीच. आता फक्त वरची फळी उरली. वरची फळी टकटकराव स्वतः पुसत, बायकोला हात लावू देत नसत. त्या फळीकडे बघता बघता त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि ते शोकेससमोर आडवे आले.

"राहू दे," ते म्हणाले. "मी सेटच परत करतो."

"आता? एवढं काढलं आणि आता?"

"नको म्हणतो ना. वरचं मी बघेन नंतर."

"बाबा, नंतर मी नाहीये."

मुलीने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि ती त्यावर चढली. तिने किटली खाली दिली, सूपचा मोठा वाडगा खाली दिला, आणि वाडग्याच्या मागे गेलेला तिचा हात तिथेच थांबला. तिने कप उचलला आणि त्याच क्षणी किरकिर बंद झाली. वाकड्या बुडाचा, जाड कानाचा, एका बाजूने केसासारखी चीर गेलेला कप. तो हातात घेऊन ती तशीच स्टुलावर उभी राहिली.

"हा तर तुम्ही टाकला होतात."

"टाकला होता."

"मग?"

"पाळी सुटल्यावर क्रेटमधून काढला. डब्याच्या पिशवीतून आणला."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"वाढदिवसाला देणार होतो. त्या वर्षी धीर झाला नाही. मग पुढच्या वर्षी म्हटलं. मग..." त्यांनी वाडगा या हातातून त्या हातात घेतला. "पुढे ठेवला असता तर कुणाचा तरी धक्का लागला असता. म्हणून मागे ठेवला."

मुलगी खाली उतरून त्याच स्टुलावर बसली. "मला वाटलं होतं, तो भट्टीमागच्या ढिगात गेला. दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर गेले होते मी. फाटकावरच्या मामांनी आत सोडलं. खूप शोधला."

हे टकटकरावांना माहीत नव्हतं. भट्टीमागचा तो फुटक्या भांड्यांचा ढीग त्यांना रोज दिसे. त्याच्या कडा इतक्या धारदार की कामगारही हातमोजे घातल्याशिवाय तिथे जात नसत. त्यांनी तिच्या बोटांकडे पाहिलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की बायकोने पुढे होऊन गाणं बारीक केलं.

"काय म्हणालात?"

"चुकलं म्हटलं."

मुलगी उठली आणि कप घेऊन आत गेली. टकटकराव दाराकडे बघत उभे राहिले. रडायला गेली असेल, रागावली असेल, आता उद्या जाईपर्यंत बाहेर यायचीच नाही. त्यांनी वाडगा फळीवर ठेवला, परत उचलला, दुसरीकडे ठेवला. बायको म्हणाली, "बसा जरा." त्यांना बसवलं नाही.

ती आली ती हातात एक छोटी प्लॅस्टिकची डबी घेऊन. झाकण उघडलं तर आत कापसावर एक दात.

"परीक्षेला केला होता. समोरचा आहे."

टकटकरावांनी तो तळहातावर घेतला. वजन नसल्यासारखाच. पांढरा म्हणावा तर तेवढा पांढरा नाही, मुळाशी किंचित पिवळसर, टोकाशी उजेड आरपार जाईल इतका नितळ. रोज हजारो भांडी हाताखालून जातात, पण मातीतून असं काही होतं हे त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट सवयीने वर आलं. ते बायकोने पाहिलं, मुलीने पाहिलं, त्यांनी स्वतःही पाहिलं. मग त्यांनी बोट मिटलं आणि तो हात खिशात घातला.

"वाजवून बघा ना," मुलगी म्हणाली.

"नको. चांगला झालाय."

डबीत परत ठेवायला त्यांनी बराच वेळ लावला. सेटवर गाणं बारीक आवाजात तेवढ्याच भागावर फिरत राहिलं होतं, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

कप ती सोबत घेऊन गेली. टकटकरावांनी तो स्वतः बांधून दिला, परदेशी जाणारा माल बांधतात तसा, आत कागद ठासून, बाहेर कापडाचे वेढे. "हलला नाही पाहिजे," एवढंच ते परत परत म्हणत होते. तिने तो कपड्यांच्या मधोमध ठेवला.

रविवारी संध्याकाळी बायकोने सेट लावला. भांडी पुन्हा फळ्यांवर चढली होती, वाडग्याच्या मागे तेवढी जागा रिकामी होती. गाणं सुरू झालं, दुसरं कडवं जवळ आलं. खर्जातले सूर एकेक करून खाली उतरले आणि स्वच्छ, खणखणीत निघून गेले. टकटकराव उठून शोकेसपाशी गेले आणि काचेला कान लावून उभे राहिले.

"आता काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. वाजत नाहीये."

"मग बरंच झालं की."

"हो," ते म्हणाले, आणि त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.