भाऊंचे शंभर वाल

सूक्ष्मदर्शकाला एक डोळा लावून दुसरा मिटणाऱ्यांची भाऊंना मनापासून चीड. "बंद डोळा दमतो नि उघड्यालाही दमवतो," म्हणायचे. स्वतः दोन्ही डोळे उघडे ठेवून तासन्‌तास हिवतापाच्या तपासणीसाठी आलेल्या रक्ताच्या काचा बघत. पेणजवळच्या जोह्यात, मूर्तींच्या कारखान्यात लहानपणी गणपतीच्या डोळ्यांची आखणी केलेला माणूस. हात म्हणून हलायचा नाही.

मी रोह्याहून पेणच्या दवाखान्यात नवीन लागले, तेव्हा त्यांच्या टेबलावरच्या दोन वाट्या पाहून मला हसूच आलं होतं. एकीत शंभर वाल, दुसरीत चिंचोके. काचेवरच्या रक्ताचा एक भाग नजरेखालून गेला की एक वाल बाजूला. परजीवी शिरलेली पेशी दिसली की एक चिंचोका. औषध दिल्यावर पुन्हा तपासायचं आणि चिंचोके घटले का बघायचं. "पावना किती घरांत शिरलाय, ते कळाया नको गो?" परजीवीला भाऊ पावनाच म्हणत.

एकदा बाहेर रांग वाढलेली. धरमतरच्या खाडीकडच्या मिठागरावरल्या एका बाईची काच मी साठ वालांवरच सोडली आणि 'काही नाही' लिहून मोकळी झाले. भाऊंनी वाटीत उरलेले वाल पाहिले. काच पुन्हा लावली. सत्त्याऐंशीव्या वालाला परजीवी सापडला. जेवणाचा डबा तसाच ठेवून ते स्वतः गोळ्या घेऊन एसटीनं खाडीकडे गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "उरलेल्या चाळिसांत माणूस असतो गो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही एकमेकांच्या काचा पडताळत असू. त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं असताना, त्यांनी 'काही नाही' लिहिलेल्या एका काचेत मला पन्नास वालांच्या आत तीन चिंचोके पडले. पुन्हा पाहिलं. तीनच. भाऊंचे डोळे त्यांना दगा देत होते. सांगावं कसं? ते टेबल म्हणजेच त्यांचं सगळं होतं. वहीत गुपचूप दुरुस्ती करायला मी पेन उचललं, तर मागून भाऊंचा आवाज आला.

"लपवू नको. तो तिकडं तापानं फणफणतोय. आधी गोळ्या पाठव."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काचा धुण्याचं काम मागून घेतलं. सूक्ष्मदर्शकाला परत डोळा लावला नाही. शेवटच्या दिवशी वाट्या माझ्यापुढे सरकवल्या आणि एक वाल खिशात टाकला. "यो मी नेतो. तू नवा घाल."

आमच्याकडे वालांना काय तोटा? पण तो घालणं मला जमलं नाही.

भाऊ जाऊनही आता बरीच वर्षं झाली. हल्ली पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला की थोड्या वेळात रेघ उमटते. सोय झाली, नाही कशाला म्हणू? तरी काच आली की मी वाट्या पुढे ओढते, दोन्ही डोळे उघडे ठेवते, आणि भाऊंची फार आठवण येते. नव्व्याण्णव वाल सरतात, बोटं रिकाम्या वाटीच्या तळाला लागतात. शंभरावा भाग मग मी भाऊंच्या नावानं बघते.