पाच नंबरचं पार्टिशन

"राँग एफएस टाइप." स्क्रीनवर पुन्हा तेच. डिस्कच्या या भागाची मांडणी ओळखता येत नाही, असं माझ्या कॉम्प्युटरवरचं लिनक्स सांगत होतं. समोर कांबळे बसले होते, मांडीवर शाळेचं पत्र धरून.

हिंजवडीतली नोकरी संपल्यावर मी कसबा पेठेत जुन्या डिस्कमधला डेटा काढून द्यायचं छोटं ऑफिस टाकलं. कांबळे येरवड्याचे. त्यांची मुलगी श्रुती मेडिकलला लागली होती. पण जात पडताळणीसाठी तिच्या आजोबांची शाळेतली नोंद हवी होती. मूळ रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. शाळेतल्या एका क्लार्कने ते फार पूर्वी डॉस या जुन्या सिस्टिमच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं होतं, ती ही डिस्क. आठ दिवसांत उतारा मिळाला नाही तर सीट जाणार होती.

डिस्कचे भाग म्हणजे पार्टिशन. ते सिस्टिमला जोडून उघडणं म्हणजे माउंट करणं. त्यासाठी मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिली होती. एक ते चार नंबर ती आपोआप तपासायची. मला तिचा फार अभिमान. पहिल्यात नुसता डॉस निघाला. दुसरं उघडेना. तीन आणि चार नव्हतीच.

"साहेब, अजून एकदा बघता का?"

"अहो कांबळे, मशीनला विनवण्या करून चालत नाही."

असं मी खरंच म्हणालो. मग लेटरहेडवर लिहून दिलं, 'डेटा शिल्लक नाही.' खाली सही, शिक्का.

काही महिन्यांनी एका कारखान्याची तसलीच डिस्क आली. स्क्रिप्टने तिलाही नकार दिला. मॅनेजर फोनवर ओरडला, "सकाळपर्यंत चालू होती ती!" त्याला विनवण्यांचं वाक्य ऐकवायची माझी हिंमत झाली नाही. निमूटपणे हाताने पार्टिशनची यादी काढली. दुसरं पार्टिशन 'एक्स्टेंडेड' निघालं. हे नुसतं खोकं असतं, ते माउंट होत नाही. डेटा त्याच्या आतल्या पार्टिशनमध्ये असतो आणि त्यांचे नंबर पाचपासून सुरू होतात. हे मला तीस वर्षं माहीत होतं. स्क्रिप्ट लिहिताना विसरलो.

कांबळ्यांच्या डिस्कची प्रत माझ्याकडे होती. पाच नंबर एका फटक्यात माउंट झाला. आजोबांची नोंद जातीसकट जशीच्या तशी होती.

प्रिंट घेऊन येरवड्याला गेलो. कांबळ्यांनी वडिलांच्या नावावरून बोट फिरवलं.

"सीट?" मी विचारलं.

"गेली ना. बीएस्सीला जाते आता."

"चूक माझी होती. डेटा तेव्हाही होता."

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "धाकट्याच्या वेळी कामी येईल. पण श्रुतीला सांगू नका, साहेब. डिस्कच खराब होती म्हणून कसंबसं मनाला समजावलंय तिनं."

तेवढ्यात श्रुती चहा घेऊन आली. "तुम्ही त्या डिस्कवाले काका ना? आमच्यासाठी खूप प्रयत्न केलेत तुम्ही."

मी चहा प्यायलो.

स्क्रिप्ट आता पाचच्या पुढेही जाते. आणि रिपोर्टमध्ये मी 'डेटा शिल्लक नाही' असं लिहीत नाही. 'मला सापडला नाही' असं लिहितो.